थोरलीची डावी जागा

नागेशच्या घरात एक कायदा होता. दाराशी बूट काढले की पुढे जर्मन ऐकू येत नाही. बोलू नये असं नव्हे, बोलावी खुशाल. पण घरच्या धन्याला ती ऐकू येत नाही.

कायदा केला तेव्हा अवनी एवढीशी होती. किंडरगार्टनमधून ती नवे शब्द घेऊन यायची, पोरीबाळी ओच्यात चिंचा भरून आणतात तशी. "दूध हवंय का गं?" म्हटलं की मान डोलवून म्हणायची, "जा!" जर्मनमध्ये 'जा' म्हणजे हो. नागेश लगेच पेला उचलून चालू पडायचा. "जा म्हणालीस ना? हा बघ चाललो." पोर खिदळत मागे धावायची, पायाला मिठी मारून ओरडायची, "नको जाऊ बाबा! ये, ये!"

खेळच होता तो. पण खेळ फार दिवस खेळला की त्याची चाकोरी होते, मग गाडी आपणहून त्यातूनच चालते. अवनी दहावीत होती, तेव्हा एके दुपारी शाळेतून रडत आली. काय झालं ते जर्मनमध्ये झालं होतं, म्हणून जर्मनमध्येच सांगायला लागली. नागेशने सवयीने छताकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुणी काही बोललं का?"

अवनी बोलायची थांबली. त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग खोलीत गेली, दार लावून घेतलं. काय झालं होतं ते नागेशला आजवर कळलेलं नाही. त्यानंतर ती त्याच्याशी मराठीतच बोलायची. मराठी चांगली राहिली, फक्त दरवर्षी कमी होत गेली. पुढे ती आखनला इंजिनिअरिंग शिकायला गेली आणि फोनवर "बरी आहे", "जेवले", "आईला दे" एवढ्यावर आली.

म्हणून या वसंतात नागेशने भीत भीत विचारलं, "थोरलीच्या डाव्या बाजूला बसशील का?" आणि ती पलीकडून म्हणाली, "बसते," तेव्हा जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावातल्या त्या घरात तो माणूस फोन ठेवून स्वयंपाकघरात उगीचच दोनदा फिरून आला. एक दिवस लेक शेजारी बसणार होती. त्याला दुसरं काही नको होतं.

थोरली म्हणजे गाडी.

गावाबाहेर श्टेगमायर नावाच्या म्हाताऱ्याची शेड होती. आधी लाकडाचा व्यापार, आता जुन्या गाड्यांचा नाद. त्याने अमेरिकेतून एका रेसच्या गाडीचे अवशेष खोक्यांत भरून आणले होते. अवशेष म्हणजे अक्षरशः अस्थीच. नागेश आठवडाभर कंपनीत ब्रेकवर काम करायचा आणि शनिवारी या अस्थी जुळवायचा. वर्षानुवर्षं जुळवल्या. दार नाही, काच नाही, छप्पर नाही. धान्याच्या कोठीएवढं इंजिन, मागे बादल्या कापून केल्यासारख्या दोन खुर्च्या, आणि दोन्ही बाजूंना मनगटाएवढ्या जाड चेन, उघड्या. इंजिनाचा जोर या चेन दातेरी चाकांवरून मागच्या चाकांना पोचवायच्या. उजवीकडे चालवणारा, डावीकडे मेकॅनिक. मेकॅनिकने हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत हवा भरत राहायची, मागे कोण येतंय ते बघायचं, चेन आणि टायरांवर डोळा ठेवायचा. डावी चेन त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर पळत असायची.

शेडमधली मंडळी गाडीला 'डी आल्टे' म्हणायची, म्हणजे म्हातारी. नागेशने मराठीत तिची थोरली केली. ऊर्मिला, त्याची बायको, हे ऐकून म्हणाली, "बरोबरच आहे हो. मी धाकटी." तिच्या आईने तिला ओव्या दिल्या होत्या, दागिन्यांसारख्या, आणि ती त्या मोडून नव्या घडवायची. शनिवारी नागेश काळे हात घेऊन परतला की आमटी गरम करता करता सुरू व्हायची:

*सवत लोखंडाची, तिला तेलाचं गं न्हाणं*
*धाकटीच्या नशिबाला थंड आमटीचं खाणं.*

"गरम करतेयस ना पण?" नागेश म्हणायचा.

"ओवीत थंडच असते. गप बसा."

थोरली मूळची ज्याची होती तो एझ्रा हॉलबर्ट. त्याची कथा अवनीने लहानपणी अंथरुणात इतक्यांदा ऐकली होती की मधला शब्द गाळला तर ती भरायची. इतर मुलांना राजा-राणी, हिला एझ्रा.

ओहायोतल्या एका लोहाराचा पोर. बाप घोड्यांना नाल ठोकायचा आणि पोरांना खोगिराच्या पट्ट्याने ठोकायचा. धाकटा विलिस मार खाताना ओरडायचा, थोरला एझ्रा ओठ चावायचा. एक दिवस पट्टा विलिसच्या डोळ्यावर बसला आणि एझ्राने ऐरणीवरचा हातोडा उचलून बापाचं मनगट मोडलं. चुलाणावरची कढई उतरवावी तसा हातोडा शांतपणे खाली ठेवला, भावाचा हात धरला, आणि दोघं घरातून निघाले ते परत गेले नाहीत.

आधी सायकली, मग इंजिनाच्या सायकली, मग गाड्या. पहिली गाडी सुरू करताना हँडलने उलटा हिसका दिला आणि कोपर मोडलं. हाड वाकडं जुळलं, तेव्हापासून स्टीअरिंग धरताना त्याचा डावा हात पंखासारखा बाहेर असायचा. फ्लोरिडाच्या समुद्रकिनारी, ओहोटीच्या ओल्या वाळूवर, त्याने वेगाचा विक्रम केला. त्या घडीला पृथ्वीच्या पाठीवर त्याच्याइतका जोरात कुणी धावलं नव्हतं. गाडी थांबली तेव्हा शिंपल्यांच्या कपच्यांनी त्याचं तोंड सोलून निघालं होतं, पुढचे दोन दात नव्हते, आणि तो हसत होता. लोकांनी खांद्यावर घेतला. लोकांच्या खांद्यांवर त्याचं रक्त सांडलं आणि लोकांना तेही आवडलं.

मग जत्रा. गावोगावच्या घोड्यांच्या मातीच्या ट्रॅकवर धुळीत गाड्या पळवायच्या, धुळीपलीकडे काय आहे ते देवाला ठाऊक. एका जत्रेत कुंपण तोडून गाडी माणसांत शिरली. लाकडाच्या फळ्या, टोप्या, छत्र्या, आणि त्यांच्याखाली माणसं. एझ्रा गाडीखालून निघाला, कपाळावरची कातडी डोळ्यावर आलेली ती हाताने वर सारली, आणि पुढल्या रविवारी दुसऱ्या गावी रेसला उभा राहिला. लोक त्याला खुनी म्हणायचे आणि तिकीट काढून बघायला यायचे.

डाव्या जागेवर नेहमी विलिस. इंजिनाच्या गर्जनेत बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून भावांची खूण ठरलेली: पाठीत एक गुद्दा, 'मागून कुणी येतंय, पळव.' दोन गुद्दे, 'थांब.'

आणि इथे नागेशचा आवाज हळू व्हायचा. एका रेसमध्ये एझ्राच्या पाठीत गुद्दा बसला. एक. त्याने पाय दाबला. दुसरा गुद्दा आलाच नाही. त्याच्याआधी चेन आली. डाव्या बाजूची चेन तुटली, चाबकासारखी उलटली, आणि विलिसचं डोकं...

"नागेश!" ऊर्मिला बाहेरून ओरडायची. "पोर झोपायचीय!"

त्यापुढे एझ्राने डाव्या जागेवर माणूस बसवला नाही. वाळूचं पोतं बांधायचा, त्यावर विलिसची टोपी. पोत्याला शेजारी घेऊन तो आणखी काही वर्षं पळाला, आणि शेवटी एका लाकडी फळ्यांच्या ट्रॅकवरून कठडा फोडून खाली गेला. फळीची भाल्यासारखी ढलपी छातीतून आरपार.

"पण दुसरा गुद्दा आला होता," अवनी मोठी झाल्यावर एकदा म्हणाली होती. "त्याला थांबायचं नव्हतं."

"नाही गं. ऐकू कसं येणार? कळलंच नाही त्याला."

"ज्याला ऐकायचं नसतं त्याला सगळंच कळत नाही, बाबा."

नागेशला ते एझ्राबद्दलचं वाटलं होतं.

ती आखनहून आली ती शुक्रवारी दुपारी. केस कापलेले, खांद्याला पिशवी. आल्या आल्या शेडमध्ये. श्टेगमायरशी जर्मनमध्ये खळखळून हसली, बोनेट उघडून वाकली, बोटं घालून घालून सगळं पाहिलं. नागेश लांबून बघत राहिला. पोरीची मान तेलाच्या वासात अशी वाकलेली पाहून त्याच्या जिवाला थंडावा आला.

डाव्या बाजूला चेनच्या मागच्या दातेरी चाकापाशी ती बराच वेळ उकिडवी बसली. चाक मूळचं होतं, एझ्राच्या वेळचं. चेन नवी करून घेतली होती, पण ते चाक नागेशने जपून ठेवलं होतं, तुळशीतल्या शाळिग्रामासारखं.

"दा इस्ट आइन रिस," ती म्हणाली.

"मराठीत," नागेश म्हणाला. तोंडातून आपोआप आलं. इथे तर बूटही काढलेले नव्हते.

अवनीने वर पाहिलं. शब्द शोधायला लागली. "त्या दाताला... मुळाशी... अं... रेष आहे."

"रेष?"

"रेष नाही. रिस. रेषेसारखं. आत गेलेलं."

"शंभर वर्षांचं चाक गं ते. रेषा असणारच, सुरकुत्या आहेत. घासून घेतलंय मी." त्याने चाकावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

अवनीने आणखी काही सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. "राहू दे," म्हणाली, आणि हात पुसले.

कंपनीत आठवडाभर नागेशच्या रिपोर्टांत 'रिस' हा शब्द असायचा. रिस म्हणजे तडा. पण लेकीच्या तोंडून मराठीत रेष आली, म्हणून त्याने रेषच पाहिली. ऊर्मिलाने घरात कधी भांड्याला तडा जाऊ दिला नव्हता. अवनीला तो शब्द मिळणार कुठून?

संध्याकाळी जेवताना खुणेचं ठरलं. "गुद्दे नकोत," नागेश म्हणाला. "एझ्रा त्यानेच फसला. एक की दोन, कोण मोजणार? मी इंजिनाचा जोर जरा उतरवीन आणि तोंडाने विचारीन, 'थांबू का?' तू कानाशी ओरडून सांग. माणसासारखं."

"जा, गेनाऊ," अवनी म्हणाली. हो, अगदी तसंच.

नागेश हसत ताट घेऊन उठला. "चाललो मग."

ती हसली नाही, पण ऊर्मिला हसली, म्हणून नागेशला वाटलं सगळेच हसले.

श्वेबिशे आल्बच्या पठारावर एक जुनं, आता न वापरलेलं विमानांचं मैदान आहे. तिथे या जुन्या गाड्यांच्या नादी लोकांनी गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रॅक मांडला होता. दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. लोक सॉसेज खात होते, पोरं बापांच्या खांद्यावर. थोरली सुरू झाली तेव्हा खांद्यावरची पोरं रडायला लागली. इंजिनाच्या बाजूच्या आखूड नळ्यांतून जाळाच्या जिभा बाहेर आल्या, जमीन पायाखालून थरथरली, आणि श्टेगमायर म्हातारा टोपी छातीशी धरून उभा राहिला, जसा कुणी समाधीपुढे राहतो.

चामड्याच्या टोप्या, चष्मे. अवनी डाव्या जागेवर. डावा हात बाहेरच्या कठड्यावर, उजवा पंपावर.

पहिली फेरी सावकाश. दुसऱ्या फेरीला नागेशने पाय दाबला आणि थोरलीने उसळी घेतली, आणि वारा तोंडात कोंबल्यासारखा आला. गठ्ठे पिवळ्या रेघा झाले. लोक रंगांचा एक पट्टा झाले. स्टीअरिंग हातात जिवंत जनावरासारखं ओढ घेत होतं, तळव्याची कातडी जळत होती, आणि नागेशला जन्मात पहिल्यांदा कळलं की तोंड सोलून निघालेला एझ्रा वाळूवर का हसत होता. शेजारी लेक पंप मारत होती. एक श्वास तिचा, एक इंजिनाचा. तो तिला श्वास घेताना बघत नव्हता, पण त्याला तो कळत होता, जात्यावर समोर बसलेल्या बाईचा कळतो तसा.

मग पंपाची लय चुकली.

अवनी बाहेर झुकली होती, मागच्या चाकाकडे बघत. वळली तेव्हा तिचं तोंड पांढरं होतं. खाली कुठेतरी खड्, खड्, असा आवाज आला, दातांवर दात आपटल्यासारखा.

नागेशला सगळं आठवलं. विलिस आठवला, तो एकच गुद्दा आठवला. मी एझ्रा नाही. मी विचारतो. त्याने पाय उचलला, इंजिन उतरलं, एक क्षण नुसता वारा उरला. तो ओरडला, "थांबू का?"

तिने तोंड त्याच्या कानाला लावलं. कुठलाही विचार न करता, जिवाच्या तळातून जो शब्द वर येतो तो आला.

"जा! जा, जा!"

आणि नागेश हसला. पोर म्हणतेय जा! पळव म्हणतेय! माझी लेक, माझ्या शेजारी, माझ्या भाषेत! त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा क्षण होता. त्याने पाय पुरा दाबला.

तडा गेलेला दात मोडला. चेन चाकावर चढली, ताणली, आणि तुटली. बंदुकीसारखा आवाज झाला. मनगटाएवढी चेन मागून पुढे उलटली, कठडा वाकवत आली, आणि कठड्यावर अवनीचा हात होता. गरम काही नागेशच्या गालावर उडालं. त्याला वाटलं तेल. एकाच चेनची झालेली थोरली आडवी फिरली, गवताच्या गठ्ठ्यांत शिरली, एक गठ्ठा, दुसरा, तिसरा, गवताचा धुरळा आभाळभर, आणि स्टीअरिंग त्याच्या छातीत आलं. आत काहीतरी मोडलेलं त्याला ऐकू आलं. मग इंजिन मेलं.

शांतता झाली आणि त्या शांततेत अवनी ओरडत होती. जर्मनमध्ये. सलग, न थांबता, आईला हाक मारत होती, हात धरा म्हणत होती, हात कुठेय म्हणत होती. नागेशला शब्द न् शब्द ऐकू येत होता. उजव्या हाताने तिने डावं मनगट धरलं होतं आणि मनगटापुढे जे होतं ते हातासारखं दिसत नव्हतं. लाल चिंधी, तिच्यातून पांढरं हाड, आणि करंगळीच्या जागी काही नाही. त्याने कंबरेचा पट्टा काढून दंडाला आवळला, दातांनी ओढला. ती त्याला लाथा मारत होती. प्रत्येक लाथ त्याच्या मोडलेल्या बरगडीवर बसत होती आणि त्याला ती हवी होती.

हॉस्पिटलात हाताचं ऑपरेशन झालं. हात वाचला, दोन बोटं गेली, कोपरापर्यंत लोखंडाच्या सळ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊर्मिला दाराबाहेर बाकावर बसली होती. नागेश छातीला पट्टे बांधून तिच्याजवळ आला, तर ती त्याच्याकडे न बघता, चाल न लावता, नुसतं बोलल्यासारखं म्हणाली:

*साखळी तुटली, तिचा आवाज गावभर*
*माझी लेक ओरडली, तिला ऐकेना गं घर.*

"ऊर्मिला, ती 'जा' म्हणाली," नागेश म्हणाला. "मी विचारलं थांबू का. ती जा म्हणाली."

"अहो, तुम्हाला जर्मन येते ना?"

नागेशने दार लोटलं.

आत गेला. अवनी उशीला टेकून बसली होती, औषधाने डोळे जड. तिने त्याच्याकडे बघितलं आणि जे विचारलं ते मराठीत विचारलं, एकेक शब्द जागेवर ठेवत, त्याला ऐकू आलं नाही असं म्हणता येऊ नये म्हणून.

"तू तेव्हापण चेष्टा केलीस का?"

"काय?"

"लहानपणची. मी हो म्हटलं की तू जायचास. तू हसलास, बाबा. मी बघितलं. मी हो म्हटलं, थांब म्हटलं, आणि तू हसलास, आणि जोरात गेलास."

"नाही गं. देवाशपथ नाही. मला वाटलं तू..."

"तुला दुसरं काही वाटतच नाही कधी," ती म्हणाली. मग भिंतीकडे वळली. "मला झोपायचंय."

नागेश तिथून निघाला तो थेट शेडवर गेला.

श्टेगमायर तिथेच होता. थोरली ओढून आणून ठेवली होती. नाक चेपलेलं, डावा कठडा वाकलेला, त्यावर काळं पडलेलं रक्त. नागेशने भिंतीला टेकवलेला घण उचलला. म्हाताऱ्याने विचारलं काय करतोस, आणि त्याचं तोंड पाहून बाजूला झाला.

पहिला घाव त्या दातेरी चाकावर. ठिणगी उडाली, घण उलटा फिरून आला, मोडलेल्या बरगडीतून कळ डोक्यापर्यंत गेली. दुसरा घाव. चाक दुभंगलं. मग रेडिएटर, मग स्वतः पितळी पत्रा ठोकून केलेली टाकी, मग चाकांचे लाकडी आरे, एकेक, हाडं मोडावीत तसे. प्रत्येक शनिवार त्याने घणाखाली घातला. तोंडाने शिव्या देत होता, आधी एझ्राला, "हलकटा, दुसरा गुद्दा आला होता! आला होता तुला!" आणि मग शिव्या फिरून स्वतःवर आल्या तेव्हा हातातलं बळ गेलं. घण निसटला आणि त्याच्या पायावर पडता पडता राहिला. तो जमिनीवर बसला, खोकला, खोकल्यातून लाल आलं.

श्टेगमायरने बादली पालथी घालून त्याच्याजवळ बसकण मारली. सगळ्या आयुष्याची हौस पुढ्यात मोडून पडली होती, तिच्याकडे बघत म्हातारा हळूच म्हणाला, "जा, जा." होय बाबा, होय. समजलं.

नागेशला ते ऐकू आलं. नुसता शब्द नव्हे, अर्थासकट. इतकं सोपं होतं. जर्मनीत आल्यापासून हा शब्द रोज हजार तोंडांतून त्याच्या कानावर पडत होता आणि एकदाही कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं. फक्त त्याच्या घरात, त्याच्या पोरीने हो म्हटल्यावर, तो जात असे.

चेनच्या उरलेल्या तुकड्यात अडकलेला तो मोडका दात त्याने उचलला. मुळाशी तुटलेल्या जागी अर्धा भाग चकचकीत होता, आताचा. अर्धा काळा, जुना, तेल मुरलेला. ती शुक्रवारी जिथे बोट ठेवून बसली होती, तिथेच.

दुपारी तो परत हॉस्पिटलात आला. ऊर्मिलाने त्याचे हात बघितले, त्याला बेसिनपाशी नेलं, आणि लहान मुलाचे धुवावेत तसे धुतले.

अवनी जागी होती. एकमेव खुर्चीवर तिचं रक्त लागलेलं जॅकेट पडलेलं. नागेश उभाच राहिला. खिशातून दात काढून पांघरुणावर ठेवला.

तिने उजव्या हाताने तो फिरवून पाहिला. इंजिनिअर पोर; काळा भाग कुठे संपतो आणि चकचकीत कुठे सुरू होतो ते तिला सांगावं लागलं नाही.

"रिसला काय म्हणतात?" तिने विचारलं.

"तडा."

"तडा," ती म्हणाली. पुन्हा एकदा तोंडात घोळवून पाहिलं. "हा शब्द तू मला दिलाच नाहीस."

"नाही दिला." मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा लेकीशी जर्मनमध्ये एक वाक्य बोलायला घेतलं. ऑफिसात सफाईने चालणारी जीभ इथे चिखलात रुतली. "इश हाब... इश हाब दिश गेहोर्ट. फ्रायटाग." मी ऐकलं होतं तुला. शुक्रवारी.

"म्हणजे ऐकू येतं," अवनी म्हणाली.

"येतं. नेहमीच येत होतं."

ती रडली नाही. डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. खिडकीबाहेर ट्राम वळताना किंचाळली तशी तिचे खांदे दचकून आक्रसले; चेनचा आवाज अजून अंगात होता. नागेशचा हात पुढे झाला आणि मध्येच थबकला. त्याला बसावंसं वाटत होतं. जावं असंही वाटत होतं, कारण इथे बसायचा हक्क आपल्याला उरलाय का ते त्याला ठाऊक नव्हतं. मराठीत त्या दोन्हीसाठी एकच प्रश्न आला, आणि तोंडातून निघून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं आपण काय विचारलं ते.

"थांबू का?"

अवनीने डोळे उघडले नाहीत.

"जा," ती म्हणाली.

नागेश तसाच उभा होता. एक पाय दाराकडे वळला होता, जुन्या चाकोरीने. एक वळला नव्हता. छातीत कळ येत होती. वाट्टेल ते ऐकायची तयारी त्याने केली, आणि मग खाली वाकला, तिच्या तोंडाशी कान नेला, गाडीत तिने त्याच्या कानाशी तोंड आणलं होतं तसा.

"कुठलं 'जा', अवनी?"

तिचा श्वास त्याच्या कानाला लागला. मग डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं, दहावीतल्या त्या दुपारी पाहिलं होतं तसं.

"विचारलंस," ती म्हणाली.

आणि चांगल्या हाताने खुर्चीवरचं जॅकेट ओढून आपल्या पायांवर घेतलं, खुर्ची मोकळी केली.